भिवाटोलीच्या शेगड्यांचा हिशेब

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं म्हणतात. रिना सोमाजी निमगडे हिच्या नशिबी नेमकं तेच काम आलं, आणि तेही पगारी.

चंद्रपूरपासून फार लांब नाही अशी भिवाटोली नावाची वस्ती. दीडशेक घरं, एक बुद्धविहार, दोन हातपंप आणि वस्तीच्या पाठीला लागून स्पंज आयर्नचा कारखाना. खनिज आणि कोळसा एका लांबलचक फिरत्या भट्टीत घालायचे आणि कच्चं लोखंड काढायचं, एवढाच त्याचा धंदा. वस्तीतली माणसं त्याला नुसतं ‘कंपनी’ म्हणत. भट्टीला कोळसा लागे तो सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराचा. चाळणीखाली पडणारी बारीक चुरी भट्टीला चालत नसे. ती मागच्या माळावर ढिगानं पडून राही. कारखाना उभा राहिला तेव्हापासून भिवाटोलीच्या बाया ती चुरी टोपल्यांनी आणत, तिच्यात शेण आणि चिकणमाती कालवून गोळे वळत, उन्हात वाळवत आणि शेगडीत जाळत. चुरी न्या म्हणून कोणी सांगितलं नव्हतं आणि नेऊ नका म्हणूनही कोणी आलं नव्हतं.

रिनाची आई केसरबाई गोळे वळण्यात पटाईत. नवरा सोमाजी मालगाडीतून कोळसा उतरवायच्या कामावर होता. रिना दहावीत असताना तो खोकून खोकून गेला. मग केसरबाईनं गोळ्यांचाच धंदा केला. बसस्टँडवरच्या चहावाल्यांना गोळे पुरवले, पोरीला शाळा पुरवली आणि पुढे रसायनशास्त्राची बी.एस्सी.सुद्धा. “रिनाच्या डिग्रीले शेनाचा वास येते,” असं शेजारची बायनाबाई चिडवायची. रिना चिडायची आणि केसरबाई तोंडावर पदर धरून हसायची.

डिग्री झाल्यावर रिनाला त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. कोळशाची चिमूट चिनी मातीच्या वाटीसारख्या मुशीत घालायची, जाळायची, उरलेली राख तोलायची. अंगात पांढरा कोट. त्या कोटाचा तिला फार अभिमान. कामाची पाळी संपली तरी तो काढायला हात धजत नसे. पाळ्यांच्या वेळा अडनिड्या म्हणून तिनं चंद्रपुरात तुकूमला खोली घेतली. घरी यायची ती रविवारी, पाहुण्यासारखी, हातात केळी घेऊन. “इथी धुरात राहून तू काय करतं? तिथीच राह्य,” असं केसरबाईच म्हणाली होती. म्हणाली खरी. पण म्हटलेलं सगळंच काही माणसाला हवं असतं असं नाही.

रिनाच्या स्वभावात एक खोड होती. हिशेब जुळला नाही तर तिला अन्न गोड लागत नसे. दुकानदारानं चिल्लर कमी दिली तर सोडून देईल, पण दोन तराजूंनी दोन वजनं दाखवली की दिवसभर तेच. मॅनेजर बक्षी साहेबांनी ही खोड हेरून ठेवली होती. म्हणून दोन हजार आठ साली एका विदेशी बँकेनं दुसऱ्या भट्टीसाठी पैसा देण्याआधी ‘तुमचा कारखाना वर्षाला किती कार्बन हवेत सोडतो ते कळवा’ असं विचारलं, तेव्हा साहेबांनी रिनालाच बोलावलं. बाकीचे इंजिनियर कधीच अंग काढून घेऊन मोकळे झाले होते. धूर मोजायचा म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी हसून घेतलं.

नागपूरला प्रशिक्षण झालं. शिकवणारे प्राध्यापक बुटके, घसा बसलेला, पण शिकवणं असं की पोरीची तहानभूक हरपली. कारखाना म्हणजे एक मोठं घर समजा, ते म्हणाले. पहिला धूर आपल्या चुलीचा. दुसरा धूर आपण विकत घेतलेल्या विजेचा. तो निघतो दुसऱ्याच्या चुलीतून, पण निघतो आपल्यासाठी. तिसरा आपला माल आणणाऱ्या-नेणाऱ्या गाड्यांचा आणि आपला माल जिथं जिथं जळेल तिथला. तिन्ही मोजायचे. आणि आत आलेला कोळसा कुठं कुठं गेला याचा मेळ बसलाच पाहिजे. नाहीतर तुमच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवील? आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. माणसांना विचारायची वेळ आली तर सगळ्यांना एकच प्रश्न, एकाच सुरात. ओळखीच्याला वेगळं विचारायचं नाही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी रिना आईला समजावत बसली. कोळशातला कार्बन जळला की हवेतला वायू त्याला चिकटतो, म्हणून किलोभर कार्बनचे साडेतीन किलोहून जास्त धुराचे वायू होतात.

केसरबाई गोळे पालथे करत होती. हात थांबवून ती म्हणाली, “म्हंजे जळल्यावर वजन वाढते?”

“हो.”

“मंग मानसाचं काऊन नाई वाढत? तुह्या बापाची तर मूठभर राख भेटली.”

 रिना उगीच हसली आणि तिनं विषय बदलला.

कामाला लागली तशी तिला त्याची चटकच लागली. वीजबिलं पाहिली, ट्रकवाल्यांना डिझेल विचारलं, चिमणीच्या धुराचे नमुने घेतले. आलेला कोळसा माहीत होता, भट्टीत गेलेला माहीत होता. उरलेली ती चुरी. चुरी माळावर पडून आहे म्हटल्यावर ती जळलेली धरायची नव्हती. मग रिनानं बांबू रोवून, टेप लावून ढीग मोजला. ढीग गेल्या सालच्या नोंदीत होता तेवढाच होता. वर्षभर चाळणीखाली एवढी चुरी पडली आणि ढीग वीतभरही चढला नाही, असं कसं होईल?

तिनं प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, “जळली असेल तर कुठं जळली ते शोधा. तो धूर तुमच्याच कोळशाचा आहे.”

शोधायचं काय त्यात? कुठं जळली ते भिवाटोलीचं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. रिनाला त्या क्षणी लाज नाही वाटली, उलट आनंदच झाला. काखेत कळसा आणि आपण गावभर वळसा घालत होतो, असं तिला वाटलं. शिवाय प्रशिक्षणात एक गोष्ट तिनं ऐकली होती. कुठल्याशा कंपनीनं आपल्या हिशेबातला धूर कमी करायला शेजारच्या गावाला गॅसच्या शेगड्या वाटल्या होत्या. भिवाटोलीचा धूर एकदा बँकेच्या कागदावर चढला की बायांना गॅस मिळेल, तिच्या आईचे डोळे धुरातून सुटतील, बायनाबाईचा खोकला थांबेल. पोरीनं मनातल्या मनात मांडे खाल्ले. मनातल्या मांड्यांना तूप भरपूर असतं.

बक्षी साहेबांनी जीप दिली. सोबत ड्रायव्हर आणि गेटवरचा एक गार्ड. दुपारच्या आत दीडशे घरं करायची होती, म्हणून रिना कुठल्याच घरात शिरली नाही. दारात उभं राहायचं, विचारायचं, पुढं जायचं. अंगात पांढरा कोट होताच.

बायनाबाईनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग जीपकडं, मग गार्डकडं. “कायले विचारून राह्यली व रिना? गॅस भेटते का?”

“भेटू शकते. आधी सांगा, महिन्याला किती पोती चुरी लागते?”

बायनाबाईनं जराशी मान खाजवली. “चार पोती लिव.”

पुढच्या घरी चार. त्याच्या पुढं पाच, कारण घरात बाळंतीण. प्रत्येक दारात आधी गॅसचा प्रश्न, मग उत्तर. रिनाच्या लहानपणी चुरी टोपल्यांनी यायची. पोत्यांचा तिला अंदाज नव्हता, आणि अंदाज नाही हे तिच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी स्वतःचं घर आलं. केसरबाई अंगणात बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या चिखलात. रिनाला आत जायचं होतं, पाणी प्यायचं होतं. पण गार्ड पाहत होता, आणि ओळखीच्याला वेगळं विचारायचं नाही हे तर ठरलेलंच. तिनं फाटकाशी उभं राहून त्याच सुरात विचारलं, “महिन्याला किती पोती चुरी लागते?”

केसरबाईनं पोरीला खालून वरपर्यंत न्याहाळलं. “चार,” ती म्हणाली आणि पुन्हा कालवायला लागली.

संध्याकाळी प्रयोगशाळेत बसून रिनानं बेरीज केली आणि खुर्चीतून उठून एक गिरकी घेतली. हरवलेली चुरी आणि भिवाटोलीत जळलेली चुरी यांचा मेळ बसला होता. अगदी तंतोतंत नाही, पण कोणी बोट ठेवू नये इतका. ‘शेजारच्या वस्तीतील शेगड्या’ अशी ओळ तिनं अहवालात घातली, खाली सही केली. बँकेनं कौतुकाचं पत्र पाठवलं. बक्षी साहेबांनी पेढे वाटले. रिनाच्या आयुष्यातला तो फार मोठा दिवस होता, आणि तिच्या हातून झालेल्या सगळ्यात मोठ्या चुकीचाही.

पेढ्याचा गोडवा जिभेवरून गेला नव्हता तोच साहेबांनी तिला बोलावलं. ती ओळ त्यांनी बोटाखाली धरली होती. “रिना, इतना माल? मुफ्त में?” साहेब दुष्ट नव्हता. त्याला वरून विचारणारे होते आणि वीटभट्टीवाले चुरी विकत मागत होते. आजवर टाकाऊ म्हणून जिच्याकडं कोणी पाहिलं नव्हतं, ती चुरी रिनाच्या अहवालानं माल ठरली. आणि माल म्हटला की त्याला मालक आलाच.

महिन्याभरात ढिगाभोवती भिंत उठली. भिंतीवर काचा. बायांनी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी भिंतीच्या कोपऱ्यातून टोपल्या भरल्या. मग पोलिसात तक्रार गेली. कंपनीच्या मालाची नेहमीची चोरी, आणि पुरावा म्हणून कंपनीचा स्वतःचा अहवाल. केसरबाई, बायनाबाई आणि आणखी सहा-सात जणींना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. हवालदार वाचून दाखवत होता. “महिन्याले चार पोती? बुढे, तू तं ठेकेदारच निघाली.” नाही म्हणायची सोय नव्हती. जिच्या तिच्याच तोंडचा आकडा होता.

ज्या बाईनं आयुष्यात कोणाची उसनी वाटी बुडवली नाही, तिच्या नावावर चोरीचा गुन्हा लागला, आणि तो लावणाऱ्या कागदावर तिच्या पोरीची सही होती.

त्या हिवाळ्यात भिवाटोलीच्या बाया जुनोन्याच्या अंगानं जंगलात सरपणाला जाऊ लागल्या. वनरक्षकानं दोघींचे कोयते काढून घेतले. ओलं लाकूड गोळ्यांपेक्षा जास्त धुरतं. केसरबाईचा धंदा बसला, चहावाल्यांनी दुसरीकडून सोय केली. ती एका कंत्राटदाराच्या रोपवाटिकेत पिशव्या भरायला जाऊ लागली. बसून काम, पण उठताना गुडघे सरळ होत नसत.

रिना रविवारी यायचीच. वस्तीत तिला कोणी वाईट बोललं नाही. बोलतच नव्हतं कोणी. हातपंपावरच्या बाया तिला पाहून आपापल्या पाण्याच्या गुंड्यांत पाहत. एरवी जीभ न आवरणारी बायनाबाईसुद्धा दार ओढून घ्यायची. केसरबाई मात्र पाणी द्यायची, पाळी कोणती ते विचारायची, केळं सोलून अर्धं तिच्या हातात द्यायची. रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर रिनाला बरं वाटलं असतं. एकदा तिनं रॉकेलचा डबा आणला. “ने वापस,” केसरबाई म्हणाली. “सगळ्याइच्या घरी धूर आणि माह्या घरी स्टो, बरं नाई दिसत.”

वर्ष पालटलं, पुन्हा अहवालाची वेळ आली. रिना बांबू आणि टेप घेऊन भिंतीच्या आत गेली. वर्षभर एक बाई आत आलेली नव्हती. वीटभट्टीवाल्यांचा सौदा अजून कागदावरच अडला होता. म्हणजे ढीग वाढायला हवा होता, माणसाच्या डोक्यावरून जायला हवा होता. ती पाहते तर ढीग वाढला होता तो कंबरेएवढा. तिनं पुन्हा मोजला. मग तिसऱ्यांदा.

लोडरवर जुबेर होता. चार-पाच वर्षांपासून तोच ट्रक भरायचा. तिला तशी उभी पाहून त्यानं मशीन बंद केली आणि खाली उतरला. “क्या हुआ मॅडम?”

“ढीग वाढला नाही, जुबेरभाई.”

“बढेल कैसा? राखेचा ठेकेदार नेते ना. नीचे चुरी, ऊपर राख. राखेच्या गाडीत.”

“कधीपासून?”

“मी आलो तवापासून. आपन समजलो कंपनीच बेचते, साहेबायले मालूम असंल.” तिच्या चेहऱ्याकडं पाहून तो घाबरला. “काऊन मॅडम? नाई हाय का मालूम?”

रिना तिथंच दगडावर बसली. बाया बंद झाल्या तरी निम्म्याहून जास्त चुरी तशीच नाहीशी होत होती. म्हणजे गेल्या सालचा मेळ खोटा होता. भिवाटोलीत तेवढी चुरी कधी जळलीच नव्हती. बायांनी सांगितलेले आकडे निम्म्यानं खोटे होते, आणि ठेकेदाराच्या चोरीचं भोक त्या खोट्या आकड्यांनी अगदी बरोबर बुजलं होतं. हिशेब जुळला म्हणून ती नाचली होती. जुळला तो चोराचा हिशेब.

बक्षी साहेबांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ पेपरवेट फिरवला. “तुम्हारी साइन है,” ते म्हणाले. “औरतों ने खुद चार बोला. आता दोन म्हणतील तर केस से छूटने के लिए बोल रही हैं, असंच दिसेल.” बँकेचा तपासणीस गुरुवारी चेन्नईहून येणार होता. त्याच्यासमोर एखादी बाई उभी राहून ‘मी खोटं बोलले’ म्हणाली तरच काही होईल, असं साहेबांचं म्हणणं. “और ऐसा कौन बोलता है, बेटी?”

रिना विहारात गेली. बाया जमल्या त्या केसरबाईच्या शब्दाखातर. रिनानं सगळं सांगितलं. राखेचा ट्रक, भिंत, ढीग. चूक माझी आहे, मी तपासलं नाही, म्हणाली.  पण तुम्ही खरा आकडा सांगितला तर चोरीचा डाग जाईल, म्हणाली.

 मग बायनाबाई म्हणाली, “गॅसच्या यादीत चार पोती लिवले हाय ना आमचे? आता दोन म्हटलं तं यादी कापतीन.”

“कोणतीच यादी नाही, मावशी.”

“तूच तं म्हटली होती, भेटू शकते.” बायनाबाईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, “चोर म्हटलं तं म्हटलं. गरिबाले कोनी बी म्हनते. पन आपल्या तोंडानं आपल्याले खोटी म्हनायचं, अन् ते बी कंपनीच्या हापिसात? मी नाई येत.”

एकेक जण उठून गेली. केसरबाई शेवटपर्यंत भिंतीला टेकून बसली होती.  रिनानं तिला येशील का म्हणून विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार?

गुरुवारी सकाळी गेटवरून निरोप आला की कोणी बाई आली आहे. केसरबाई उभी होती. विहारात जाताना नेसते ते पांढरं लुगडं, केसांना तेल, पाय धुतलेले. कंपनीच्या गेटातून ती जन्मात पहिल्यांदा आत आली. आजवर तिचा रस्ता मागच्या माळावरचा.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकावं, म्हणजे कोणी आशा धरून बसणार नाही. ठेकेदाराचा ठेका गेला. चोरीची तक्रार कंपनीनं मागं घेतली आणि सगळ्या बायांची नावं ठाण्यातून निघाली, बायनाबाईचंसुद्धा. पहिल्या वर्षाचा अहवाल रद्द झाला. रिनाकडून ते काम काढून घेतलं आणि पुन्हा मुशी हातात दिल्या. भिंत तशीच राहिली. चुरी आता वीटभट्टीवर जाते, रीतसर. गॅस आला नाही. ओल्या लाकडाचा धूर कोणत्याच कंपनीच्या अहवालात येत नाही, कारण ते लाकूड कोणत्याच कंपनीचं नाही.

तर त्या गुरुवारी साहेबांच्या खोलीत चौघं होती. बक्षी साहेब, चेन्नईचे सुब्बय्या साहेब, केसरबाई आणि रिना. सुब्बय्या साहेबांना ना मराठी येत होती ना हिंदी. बक्षी साहेब म्हणाले, मी कंपनीचा माणूस, माझ्या तोंडून नको. रिना, तूच इंग्रजीत सांग.

केसरबाईला खुर्ची दिली, ती बसली नाही. “सांग त्याले,” ती म्हणाली. “मी दोन पोती आनत होती. कधी दीड. चार सांगतलं ते खोटं सांगतलं.”

रिनानं सांगितलं. सुब्बय्या साहेबांनी का म्हणून विचारलं.

“पुराच्या साली सर्वेवाले आले,” केसरबाई म्हणाली. “ज्यानं दोन पोती धान भिजलं सांगतलं त्याले एकाचे पैसे भेटले. चार सांगनाऱ्याले दोनाचे. तवापासून टोलीत कोनी खरं सांगतच नाई. सरकार असो का कंपनी, अर्धं कापूनच देते. म्हनून दुप्पट सांगा लागते.”

हेही रिनानं सांगितलं. सुब्बय्या साहेबांनी मान डोलावली. त्यांना पटलेलं दिसलं. मग त्यांनी रिनाकडं पाहिलं, कागदावरचं तिचं आडनाव पाहिलं, बाईचं आडनाव पाहिलं आणि चष्मा काढून हळूच काहीतरी विचारलं. रिना हातातले कागद सारखे करू लागली.

“काय म्हनते तो?” केसरबाईनं विचारलं.

“काही नाही.”

“काही नाई कसं? तुह्या तोंडाचा रंग उडाला. सांग.”

“विचारतो, कंपनीला खोटं सांगितलं ते समजलं. पण स्वतःच्या मुलीला का खोटं सांगितलं?”

केसरबाईनं पोरीकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर रिनानं तो सोसला असता.

“पोरगी कुठी आली होती?” ती म्हणाली. “फाटकापाशी कंपनीची बाई उभी होती, तिले सांगतलं. पोरगी येईन म्हनून मी त्या दिवशी सकाळपासून चहाचं आधन ठेवून बसली होती. पोरगी आत आली असती, तं खरं सांगतलं असतं.”

बक्षी साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. सुब्बय्या साहेब पेन हातात धरून वाट पाहत होते.  रिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते तिनं पुसलंही नाही.

केसरबाईनं तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला हात लावला. “रडू नको,” ती म्हणाली. “सांग त्याले. माह्यासारखं नको करू. पुरं सांग.”

आणि रिनानं ते सांगितलं. अडखळत, इंग्रजीत, एक शब्दही न गाळता. तिची मुलगी आली नव्हती, असं त्या बाईचं म्हणणं आहे.